आलेखाची खिडकी
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

चित्रांविषयीं बोलावयाचें आणि तेंहि नभोवाणीवरून, हें प्रथमदर्शनीं विसंगत वाटेल. परंतु ज्या चित्रांविषयीं मी आज बोलणार आहें तीं निसर्गाचीं वा देवदेवतांचीं नव्हत. तीं आकड्यांचीं चित्रें आहेत. शाळेंत आपण त्यांना आलेख म्हणत असूं. चौकटीच्या कागदावर दोन अक्ष ओढावयाचे, एकावर काळ व दुसऱ्यावर परिमाण मांडावयाचें, आणि बिंदु जोडून रेषा काढावयाची, हा तो आलेख. अशा चित्राची एक कसोटी आहे. तें चांगलें असेल तर तें शब्दांनींहि सांगतां येतें: आडव्या अक्षावर काय आहे, उभ्यावर काय आहे, रेषा कोठें चढली आणि कोठें उतरली. जें असें सांगतां येत नाहीं, तें बहुधा डोळ्यांनाहि समजलेलें नसतें. तेव्हां नभोवाणीची अडचण वाटते तितकी मोठी नाहीं.

पूर्वी हा आलेख कागदावर असे. आज तो संगणकाच्या पडद्यावर आला आहे. रुग्णालयांत हृदयाच्या ठोक्यांची रेषा, धरणाच्या कचेरींत पाण्याची पातळी, कारखान्यांत भट्टीचें उष्णतामान, हवामानखात्यांत पाऊस, आणि घरीं विजेच्या बिलाचा हिशेब, हें सारें टेबलावरील संगणकांत एका खिडकींत रेषांच्या रूपानें दिसतें. ही खिडकी ज्या प्रोग्राममुळें उघडते, तो कोणी तरी बसून रचलेला असतो. तो कसा रचावा, म्हणजे पाहणाराला आकड्यांचा अर्थ बिनचूक व विनासायास कळेल, एवढाच आजचा प्रश्न आहे. मी संगणकशास्त्रज्ञ नव्हें. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा देऊन शिक्षक झालों, गणित आणि भूगोल शिकवितां शिकवितां सेवानिवृत्त झालों, आणि पुढें फुरसतीच्या काळांत असले प्रोग्राम वापरूं लागलों. तेव्हां मी बोलणार तें पडद्याच्या अलीकडे बसलेल्या माणसाच्या बाजूनें.

आकड्यांचें चित्र काढावयाची ही रीति फार जुनी नाहीं. विल्यम प्लेफेअर नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें १७८६ सालीं 'कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलस' हें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि त्यांत इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे रेषांनीं दाखविले. वर्तुळाचे भाग पाडून हिस्से दाखविण्याची पद्धतिहि त्याच्याच १८०१ सालच्या पुस्तकांत आढळते. नुसत्या तक्त्याहून चित्र अधिक काय सांगतें, हें पुढें १९७३ सालीं फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञानें मोठ्या मौजेनें दाखविलें. त्यानें आकड्यांचे चार लहान संच तयार केले; प्रत्येकांत अकरा जोड्या. चारीहि संचांत पहिल्या आकड्यांची सरासरी ९ व दुसऱ्यांची साडेसात. त्यांतून गणितानें निघणारी सरळ रेषाहि चारी ठिकाणीं एकच. हिशेबानें पाहतां जणूं चार जुळीं भावंडें! पण आलेख काढतांच एकांत थोडे विखुरलेले, वर चढत जाणारे बिंदु दिसतात. दुसऱ्यांत सुबक वक्ररेषा. तिसऱ्यांत नीट सरळ रेषा आणि एकच बिंदु भलतीकडे. आणि चौथ्यांत दहा बिंदु एका उभ्या रेघेंत व एक दूर एकटा. सरासरीनें जें झांकलें, तें चित्रानें उघडें केलें.

१९७९ सालीं व्हिसिकॅल्क हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्राम निघाला. १९८३ सालीं लोटस वन-टू-थ्री या प्रोग्रामनें त्याच तक्त्याशीं आलेखाची सांगड घातली. आणि १९८५ सालीं मॅकिंतॉश संगणकासाठीं एक्सेल आला. जें चित्र काढावयास विद्यार्थ्याला अर्धा तास लागे, तें आतां क्षणांत निघूं लागलें. ही सोय मोठी, यांत शंका नाहीं. पण त्या अर्ध्या तासांत मूल विचार करीत असे: प्रमाण कोणतें घ्यावें, शून्य कोठें ठेवावें, अक्षाला नांव काय द्यावें. हा विचार आज नाहींसा झाला आहे असें नव्हे. तो प्रोग्राम रचणारानें आपल्या वतीनें आधींच करून ठेवला आहे. बहुतेक लोक प्रोग्राम जें आपोआप देईल तेंच घेतात. म्हणून ही न सांगतां होणारी निवड हीच रचणाराची खरी जबाबदारी. शंभर सोयी मेनूंत दडवून ठेवल्या आणि पहिलेंच चित्र फसवें दिलें, तर त्या शंभर सोयी असून नसल्यासारख्या.

प्रथम चौकटीचें पाहूं. शाळेंत आलेखाच्या दहा गुणांपैकीं चार गुण मी रेषेकडे पाहण्यापूर्वींच देत असें: शीर्षकाचा एक, अक्षांच्या नांवांचे दोन, आणि प्रमाणाचा एक. पडद्यावरील आलेखालाहि हाच नियम लागू आहे. उभ्या अक्षावर नुसतें 'पातळी' लिहून भागत नाहीं. मीटर कीं फूट, आणि कोणत्या खुणेपासून मोजलेली, हें दिसलें पाहिजे. प्रोग्रामला एकक ठाऊक नसेल तर त्यानें तें विचारावें. जागा मोकळी सोडून पुढें जाऊं नये. अक्षावरील खुणा एक, दोन व पांच यांच्या, किंवा त्यांच्या दहापटी-शंभरपटींच्या अंतरानें असाव्या. शून्यापासून ४३ पर्यंतची पट्टी सहा सारख्या भागांत कापली, तर ७.१७, १४.३३ अशा खुणा येतात आणि मधला बिंदु वाचतांना पाहणाराला मनांत त्रैराशिक मांडावें लागतें. त्याच जागीं दहा, वीस, तीस अशा खुणा असल्या, कीं बिंदु २४ वर आहे कीं २६ वर, हें डोळा तत्काळ सांगतो.

आकडे लिहिण्याचीहि रीत देशोदेशीं निराळी. आपण बारा लाख चौतीस हजार पांचशें सदुसष्ट ही संख्या १२,३४,५६७ अशी लिहितों. इंग्रज-अमेरिकन लोक तीच १,२३४,५६७ अशी लिहितात. तारखेचा घोळ तर याहून मोठा: ०३/०४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल, पण अमेरिकेंत चार मार्च. पहिल्या बारा तारखांपर्यंत ही अदलाबदल कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. म्हणून अक्षावर महिन्याचें नांव अक्षरांनीं लिहावें हें उत्तम. आणि संगणकाच्या मूळ व्यवस्थेंत वापरणारानें जो देश व जी भाषा निवडली असेल, तिचें प्रोग्रामनें मुकाट्यानें ऐकावें.

आतां चित्राच्या आकाराविषयीं. १९८४ सालीं विल्यम क्लीव्हलंड व रॉबर्ट मॅकगिल या दोघा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनीं, माणसाचा डोळा कोणत्या रीतीनें दाखविलेला आकडा अधिक अचूक वाचतो, हें प्रयोगानें पाहिलें. एकाच मोजपट्टीवरील बिंदूंची जागा आपण सर्वांत अचूक वाचतों. लांबी आणि कोन यांचा अंदाज त्याहून कच्चा. क्षेत्रफळाचा आणखी कच्चा. आणि रंगाच्या गडदपणावरून आकडा सांगणें फारच अवघड. यावरून कित्येक गोष्टी आपोआप ठरतात. हिस्से सांगणारें वर्तुळ दोन-तीन भागांपुरतें ठीक. दहा भाग झाले कीं आडवे स्तंभच बरे. आणि ज्या वर्तुळाला जाडी देऊन पोळपाटासारखें तिरपें ठेवलेलें असतें, त्यांत तर पुढचा भाग मोठा व मागचा लहान दिसून कोनहि बिघडतात. अशीं शोभेचीं चित्रें मेनूंत पहिल्या जागीं ठेवूं नयेत.

याच नियमांतून शून्याचाहि प्रश्न सुटतो. स्तंभ आपल्या लांबीनें बोलतो, म्हणून तो शून्यापासूनच निघाला पाहिजे. एका शाळेचा निकाल शेंकडा ९६ व दुसरीचा ९८ असला आणि स्तंभ ९५ पासून काढले, तर एक स्तंभ एक भाग उंच व दुसरा तीन भाग उंच दिसतो. दोन टक्क्यांचा फरक तिप्पट होऊन बसतो. रेषेचें तसें नाहीं. रेषा आपल्या चढउतारानें बोलते, तिला शून्याची सक्ति नाहीं. रुग्णाच्या तापाचा आलेख शून्य अंशापासून काढला, तर ९८ आणि १०३ यांतील फरक दिसणारहि नाहीं, आणि तोच तर वैद्याला पाहावयाचा असतो. प्रोग्रामला हा भेद कळला पाहिजे: स्तंभ निवडले तर शून्य धरावें, रेषा निवडली तर आकड्यांच्या आवाक्याप्रमाणें पट्टी घ्यावी.

रंगांची गोष्ट मात्र अधिक गंभीर आहे, कारण तेथें केवळ रुचीचा प्रश्न नसून कधीं कधीं जीविताचा असतो. संख्या रंगांनीं दाखवावयाची झाली म्हणजे अनेक प्रोग्राम इंद्रधनुष्याचे रंग घेत. दिसावयास तें मोहक. परंतु इंद्रधनुष्यांत लहान कोण व मोठा कोण, हें डोळ्याला उपजत कळत नाहीं. मधला पिवळा पट्टा सर्वांत उजळ असल्यामुळें जेथें आकड्यांत कांहींच विशेष घडलेलें नसतें, तेथें उगाच कंगोरा असल्याचा भास होतो. २०११ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील मिशेल बॉर्किन व त्यांचे सहकारी यांनीं हृदयाच्या रोहिणींचीं चित्रें दाखविणारा एक प्रोग्राम पारखला. रोहिणीच्या भिंतीवर रक्ताचें घर्षण जेथें कमी पडतें, तेथें रोग बळावण्याचा संभव असतो. त्या जागा वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनीं चित्रावरून हुडकावयाच्या होत्या. रोहिणी तिच्या नैसर्गिक, वळणावळणाच्या घन आकारांत इंद्रधनुष्यी रंगांनीं दाखविली, तेव्हां शेंकडा ३९ जागा सांपडल्या. तीच सपाट उलगडून दाखविली, तेव्हां ६२. आणि रंगहि बदलून डोळ्याला सुसह्य अशी क्रमवार छटा दिली, तेव्हां ९१. श्रोतेहो, आकडे तेच, पाहणारांची विद्याहि तीच. बदलली ती केवळ दाखविण्याची रीत. शंभरांतल्या एकसष्ट धोक्याच्या जागा नजरेआड राहाव्या कीं नऊ, हें चित्र रचणाराच्या हातीं होतें.

या विषयाची जाण पुढें वाढली. मॅटप्लॉटलिब नांवाचें आलेख काढण्याचें एक विनामूल्य साधन जगभर शास्त्रज्ञ वापरतात. जॉन हंटर या अमेरिकन संशोधकानें अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूंतील विद्युल्लहरी पडद्यावर पाहतां याव्या म्हणून केलेल्या उद्योगांतून तें जन्मलें. तेथेंहि प्रथम इंद्रधनुष्यी रंगमालाच आपोआप मिळत असे. जानेवारी २०१७ मध्यें निघालेल्या दुसऱ्या आवृत्तींत ती काढून टाकण्यांत आली व 'व्हिरिडिस' ही नवी माला आली. हिचा आरंभ गडद जांभळ्यांत, मध्य हिरव्यांत आणि शेवट पिवळ्यांत. उजळपणा पायरीपायरीनें सारखा वाढत जातो, आणि काळ्या-पांढऱ्या छपाईंतहि क्रम बिघडत नाहीं. शिवाय तांबडा व हिरवा यांतील भेद ज्यांना दिसत नाहीं, त्यांनाहि ती वाचतां येते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत अशीं माणसें सुमारें बारांत एक असतात. इतरत्र प्रमाण कमी असलें तरी तीं सर्वत्र आहेत. म्हणून 'तांबडी रेषा धोक्याची, हिरवी सुरक्षित' एवढ्यावरच भिस्त ठेवूं नये. एक रेषा अखंड, दुसरी तुटक करावी, आणि प्रत्येकीचें नांव शक्यतों तिच्या टोकाशींच लिहावें. नांवांची यादी कोपऱ्यांत आणि रेषा दुसरीकडे असली, कीं डोळ्याला सारख्या येरझारा घालाव्या लागतात.

येथवर जें सांगितलें, तें कागदालाहि लागू पडतें. पण पडद्यावरचा आलेख कागदाहून एका गोष्टींत निराळा आहे: तो हातानें हलवितां येतो, जवळ आणतां येतो, त्याला प्रश्न विचारतां येतो. येथें खिडकीची खरी परीक्षा आहे. बेन श्नायडरमन या अमेरिकन प्राध्यापकांनीं १९९६ सालीं याचा क्रम सांगितला: आधीं सर्व प्रदेशाचें एकत्र दर्शन, मग हव्या त्या भागाजवळ जाणें व नको तें गाळणें, आणि शेवटीं मागेल त्याला मागेल तेवढा तपशील. नकाशा वाचणाराची रीत याहून वेगळी नाहीं: प्रथम जिल्हा, मग तालुका, मग गांव.

या क्रमांत लहानसहान गोष्टींनीं माणूस अडतो. माउसचें चाक फिरवून आलेख मोठा केला, कीं ज्या बिंदूवर माउसचा बाण होता तो बिंदु जागचा हलतां कामा नये. नाहीं तर जें पाहावयाचें तेंच खिडकीबाहेर पळतें. मोठें करतां करतां वाट चुकलेल्या माणसाला एका बटणानें मूळ चित्राकडे परत येतां आलें पाहिजे, आणि एकेक पाऊल मागेंहि जातां आलें पाहिजे. मॅटप्लॉटलिबच्या खिडकींत याकरितां घराचें चिन्ह असलेलें बटण व मागें-पुढें नेणारे दोन बाण आहेत. माउस ओढल्यानें आलेख सरकेल कीं चौकट आंखली जाईल, हें बाणाच्या आकारावरून आधींच कळावें. बिंदूवर बाण नेला कीं त्याची तारीख, आकडा व एकक जवळच दिसावें. पण तो मजकूर शेजारचे बिंदु झांकील असा नसावा. ज्यांचा हात कांपतो, त्यांच्याकरितां अगदीं बिंदूवरच बाण नेण्याची सक्ति नसावी. जवळचा बिंदु प्रोग्रामनें स्वतःच ओळखावा. जें माउसनें होतें तें कीबोर्डनेंहि व्हावें. अक्षरें मोठीं करतां यावींत. आणि ज्यांना मुळींच दिसत नाहीं, त्यांच्यासाठीं आलेखाखालील आकड्यांचा तक्ता व चार वाक्यांचा सारांश वाचून दाखवितां यावा.

वेगाचीहि एक मर्यादा आहे. जेकब नीलसन यांनीं १९९३ सालच्या आपल्या पुस्तकांत सांगितलेलें माप आजहि मानलें जातें: एक दशांश सेकंदांत उत्तर मिळालें तर वस्तु आपल्या हातानें हलल्यासारखी वाटते, एक सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाहीं, दहा सेकंद झाले कीं मन दुसरीकडे जातें. आतां या मर्यादेंत राहावयाचें कसें, याचें एक लहानसें गणित करूं. हृदयाची विद्युतरेषा सेकंदाला २५० वेळां मोजणारें यंत्र रुग्णाच्या अंगावर चोवीस तास ठेवलें. चोवीस तासांचे सेकंद ८६,४००; त्यांना २५० नीं गुणलें म्हणजे २ कोटि १६ लक्ष मापें होतात. सामान्य पडद्याची रुंदी १,९२० ठिपक्यांची. भागाकार करा: एका ठिपक्याच्या वांट्याला ११,२५० मापें, म्हणजे ४५ सेकंदांचा काळ येतो.

सर्व बिंदु काढावयास गेलें तर खिडकी गोठते. म्हणून घाईंत एखादा रचणारा दर ११,२५० मापांतून एक उचलतो. चित्र झरकन निघतें, पण ४५ सेकंदांतील एक क्षण म्हणजे कांहींच नव्हे; त्या अवधींत हृदय पन्नासएक वेळां धडकून गेलेलें असतें, आणि एखादी असाधारण उसळी नेमकी न उचललेल्या मापांत राहून जाते. खरी रीत अशी, कीं प्रत्येक ठिपक्याच्या वांट्याच्या मापांतून सर्वांत मोठें व सर्वांत लहान, अशीं दोन्ही घ्यावींत आणि त्यांच्यामध्यें उभी रेघ ओढावी. श्रम थोडेच वाढतात, पण एकहि उसळी हरवत नाहीं. डॉक्टरांना दूरून ती दिसते. जवळ गेलें म्हणजे तिचा पूर्ण आकार दिसतो. वेग आणि सत्य यांचा झगडा वाटतो तेथें बहुधा थोड्या गणिताची उणीव असते.

आतां सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतों, ती म्हणजे आलेखाचा प्रामाणिकपणा. आमच्याकडे गांवच्या पर्जन्यमापकाची नोंद अनेक वर्षांची आहे. सकाळीं साडेआठ वाजतां मागील चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरमध्यें लिहावयाचा. ही नोंद एका संस्थेनें दिलेल्या प्रोग्राममध्यें भरली, तेव्हां एका जुलैमध्यें चार दिवस सलग उघाड पडल्याचें दिसूं लागलें. मूळ वही काढून पाहतां, त्या चार दिवशीं मोजणारा मनुष्य आजारी होता आणि रकाने कोरे होते! प्रोग्रामनें कोऱ्या रकान्याला शून्य मानून रेषा तळाशीं नेली होती. पाऊस न पडणें आणि पाऊस न मोजला जाणें, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीवरून शेतकरी दुबार पेरणीचा विचार करील. दुसरीवरून फक्त वही अपुरी आहे एवढेंच सिद्ध होतें. जेथें माप नाहीं तेथें रेषा तुटलीच पाहिजे. ती तुटलेली रेघ हाच त्या जागीं खरा आकडा होय.

याच्या उलट बाजूहि आहे. २६ जुलै २००५ च्या महापुराच्या वेळीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; त्याच काळांत कुलाब्याचा आकडा शंभराच्याहि आंत होता. एकाच शहरांतील दोन मापांत एवढें अंतर पाहून एखादा अतिशहाणा प्रोग्राम मोठ्या आकड्याला चूक समजून गाळील. आलेखानें असा न्याय करूं नये. संशय असेल तर त्या बिंदूभोंवतीं खूण करावी, पण बिंदु नाहींसा करणें हें माणसाचें काम, आणि तेंहि सही करून.

गाळलेल्या बिंदूंची किंमत केवढी असते, याचें दुःखद उदाहरण २८ जानेवारी १९८६ चें आहे. त्या दिवशीं चॅलेंजर हें अमेरिकन अंतराळयान उड्डाणानंतर लवकरच नष्ट झालें व सातहि प्रवासी मृत्यु पावले. सांध्यांतील रबरी कड्या थंडीनें ताठरल्या होत्या. आदल्या रात्रीं तज्ज्ञांनीं थंडीचा विचार केला नव्हता असें नाहीं. पण ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती, त्यांचेच आकडे पुढें ठेवून पाहिले गेले, आणि त्यांत उष्णतामानाचा संबंध स्पष्ट दिसेना. चौकशी आयोगानें पुढें इजा न झालेलीं उड्डाणेंहि त्याच चित्रांत घातलीं. तेव्हां दिसलें तें असें: कड्यांचें उष्णतामान ६६ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक असलेल्या वीस उड्डाणांपैकीं केवळ तिघांत इजा, ६३ अंश व त्याखालील चारींपैकीं चारींत इजा. हें चित्र अपघातापूर्वीं टेबलावर असतें, तर! तो काळ कागदी तक्त्यांचा होता. आज हेंच गाळण्याचें काम एका बटणानें होतें, आणि म्हणून धोका अधिक. जो प्रोग्राम बिंदु गाळूं देतो, त्यानें आलेखावरच ठळकपणें लिहावें, कीं २४ पैकीं इतके दाखविले आहेत, इतके लपलेले आहेत.

आणि न गाळतांहि आकडे हरवूं शकतात. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत इंग्लंडमध्यें कोरोनाच्या १५,८४१ बाधितांची नोंद कित्येक दिवस हिशेबांत आलीच नाहीं, कारण ज्या जुन्या पद्धतीच्या फाइलींतून ती पाठविली जात होती, तिच्यांत ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहींत. उरलेल्या ओळी मुकाट्यानें गळून पडल्या. रोजच्या आलेखांतील रेषा तेवढी खालीं राहिली, आणि त्या रुग्णांच्या सहवासांत आलेल्या लोकांना इशारा पोंचण्यास उशीर झाला. वाचलेल्या ओळी किती व आलेल्या ओळी किती, हे दोन आकडे खिडकीच्या तळाशीं लिहावयाला अर्धी ओळ पुरते.

एक शेवटची सूचना चालत्या आलेखांविषयीं. धरणाच्या पातळीसारखा आलेख दर मिनिटाला वाढत असतो. पुष्कळ प्रोग्राम अशा वेळीं उभी पट्टी आपोआप ताणतात वा आंखडतात, जेणेंकरून रेषा नेहमीं सारी खिडकी भरून टाकते. परिणाम असा, कीं दोन सेंटिमीटरची हालचाल आणि दोन मीटरची वाढ एकसारखीच उंच दिसते. शांत दिवशीं घबराट व खऱ्या पुराच्या दिवशीं निष्काळजीपणा. धोक्याच्या पातळीची रेघ कायम दिसत राहावी व पट्टी तिला धरून स्थिर असावी. तसेंच पाहणारा मागच्या तासाचा भाग निरखीत असतां नवें माप आलें, म्हणून त्याला ओढून शेवटाकडे नेऊं नये. नवें कांहीं आल्याची सूचना कोपऱ्यांत द्यावी, आणि जावें कीं न जावें हें त्याच्यावर सोडावें.

हें सर्व नीट साधलें कीं नाहीं, हें ओळखावयाचें कसें? त्याला महागडी यंत्रसामग्री लागत नाहीं. जो मनुष्य ती खिडकी रोज वापरणार, परिचारिका, धरणावरील कारकून किंवा दुकानाचा हिशेबनीस, त्याच्या शेजारीं रचणारानें खुर्ची घेऊन बसावें. एक प्रश्न द्यावा: गेल्या महिन्यांत पाणी सर्वांत वर केव्हां होतें? आणि मग स्वतः एक अक्षर न बोलतां पाहावें. तो कोठें थांबतो, कोणतें बटण दोनदां दाबतो, केव्हां उसासा टाकतो, हें टिपून घ्यावें. अशीं चार-पांच माणसें पाहिलीं, कीं मोठमोठ्या अडचणी बहुतेक उघड होतात. शिक्षकाला हें तत्काळ पटेल. वर्गांत एकाला गणित आलें नाहीं तर त्याचा अभ्यास कमी म्हणावा; पण साऱ्या वर्गाला आलें नाहीं, तर शिकविण्याची रीत बदलली पाहिजे. खिडकीपुढें बसलेले सर्वच जण एका बटणाशीं अडखळत असतील, तर दोष बसणारांचा नव्हे.

आणि आपण, जे असे आलेख रचीत नाहीं पण रोज पाहतों, आपल्यालाहि कांहीं कर्तव्य आहे. वर्तमानपत्रांत, बँकेच्या प्रोग्राममध्यें किंवा डॉक्टरांच्या टेबलावर आलेख दिसला म्हणजे पांच प्रश्न विचारण्याची संवय ठेवावी: अक्षांवर काय आहे व कोणत्या एककांत? पट्टी कोठून सुरू होते? जेथें माप नाहीं तेथें काय दाखविलें आहे? कांहीं गाळलें आहे काय? आणि रंग काढून घेतले तरी चित्र समजेल काय? हे प्रश्न मुलांनाहि शिकवावे. ज्यांच्या घरीं संगणकाचे प्रोग्राम लिहिणारा मुलगा, मुलगी वा सून असेल, आणि आज अशीं घरें थोडीं नाहींत, त्यांनीं तर जेवतां जेवतां ते अवश्य विचारावे. आकडे स्वतः खोटें बोलत नाहींत, पण ते मुके असतात; त्यांना वाचा देणारी खिडकी खरी बोलते कीं नाहीं, इकडे लक्ष ठेवणारा घरोघरीं कोणी तरी असावा, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.